पहिलाच प्रश्न "कशाला गेला होता?" असेल, तर पुढचं कोण सांगणार?

मुक्ता_करवीर (धागाकर्ती)

माझी मामी पहाटे फिरायला गेलेली असताना तिचं मंगळसूत्र ओढून नेलं. कोल्हापुरात सायबर चौकाकडून विद्यापीठाच्या बाजूला जाणारा रस्ता, गाडीवर दोघंजण. मामी पडली, मनगट मुरगळलं, गळ्यावर ओरखडे उठले. शेजारचे काका तिला तसंच पोलीस ठाण्यात घेऊन गेले. कुठलं ठाणं ते लिहीत नाही, कृपया अंदाजही बांधू नका. हे कुठंही घडू शकतं.

तिथं विचारलेला पहिला प्रश्न: "एवढं सोनं घालून अंधारात कशाला बाहेर पडलात, मावशी?" दुसरा: "गाडी पल्सरच होती ना?" मामी "हो" म्हणाली. तिला गाड्यांमधलं काही कळत नाही. पुढं सीसीटीव्हीत दिसली ती मोपेड.

पण धागा काढण्याचं कारण वेगळंच आहे. काही दिवसांनी मनगटाला पट्टी बांधताना मामी मला म्हणाली, की मंगळसूत्राला हात घालायच्या आधी मागं बसलेल्यानं तिच्या छातीला हात लावला आणि काहीतरी घाण बोलला. फिर्यादीत यातलं अक्षरही नाही. त्या खोलीत पाच-सहा पुरुष होते, पलीकडं एका भांडणाची तक्रार चालली होती, आणि खुर्चीला खुर्ची लावून शेजारचे काका बसलेले. अठ्ठावन्न वर्षांची बाई हे तिथं कसं बोलणार?

विशेष म्हणजे ठाण्यात कुणी उद्धट वागलं नाही. पाणी दिलं, चहा मागवला, मावशी म्हणून बोलले. तरी जो खरा गुन्हा होता त्यातला अर्धा तिच्या घशातच अडकला. प्रश्न विचारायची पद्धत हाही तपासाचाच भाग आहे, असं मला मनापासून वाटतं. माणूस बोलता झाला नाही तर पुढची सगळी यंत्रणा अर्धवट माहितीवर चालते.

इथं पोलीस खात्यातले, वकिलीतले, समुपदेशनातले लोक आहेत म्हणून विचारते. राहिलेली गोष्ट आता सांगता येते का? आणि मुळात हे विचारायचं कसं असतं?

---

पंचगंगेकाठी

मामींचं मनगट कसं आहे आता? सीपीआर रुग्णालयात दाखवलं होतं का? ओरखड्यांची नोंद त्याच दिवशी झाली असेल तर तो कागद जपून ठेवा. फोटो काढले असतील तर तारखेसह ठेवा.

---

मुक्ता_करवीर

दाखवलं होतं, कागद आहे. फोटो पण आहेत.

---

निवृत्त_फौजदार

मुक्ताताई, मी खात्यात आयुष्य काढलं, त्यातला बराच काळ याच जिल्ह्यात. तुमच्या मामींचं ऐकून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. दोन्ही बाजू सांगतो.

आधी ठाण्याची. जबरी चोरी झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं नाकाबंदीची असतात. गाडी कुठल्या दिशेनं गेली, किती जण, डोक्यावर हेल्मेट होतं का, कपडे कसले, हत्यार होतं का, एवढं ताबडतोब हवं असतं. ते वायरलेसवर गेलं नाही तर गाडी तोवर हायवेला लागते. त्यामुळं ठाणे अंमलदार घाईत असतो. पण ही घाई फक्त तेवढ्या पाच प्रश्नांपुरती असायला हवी. नंतरचा जबाब शांतपणे, वेगळ्या खोलीत. आपल्याकडं होतं असं, की ज्या घाईत नाकाबंदीचे प्रश्न विचारले त्याच घाईत, त्याच टेबलावर पूर्ण फिर्यादही उतरवून घेतली जाते. तिथंच सगळं बिघडतं.

आता माझी पद्धत. ही मला एका जुन्या पोलीस निरीक्षकांनी शिकवली, पुस्तकातून आलेली नाही. तक्रारदाराला भिंतीकडं पाठ करून बसवायचं, म्हणजे मागून कोण येतंय-जातंय याचा घोर राहात नाही. सोबत आलेल्या माणसाला चहाच्या निमित्तानं बाहेर न्यायचं, आणि मग एकट्यात विचारायचं, "यांना आत बसू देऊ का?" त्यांच्यासमोर विचारलं तर कुणीही "बसू दे" म्हणतं. मोबाईल खिशात. पेन खाली. मग म्हणायचं, "घरातून निघाल्यापासून सांगा. मला काही घाई नाही. तुम्हाला बारीक वाटेल तेही सांगा." त्यानंतर आपण गप्प. माणूस थांबला तरी लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. त्या थांबण्यातूनच पुढचं येतं. फार तर "मग?" एवढंच. सगळं एकदा ऐकून झाल्यावर पेन उचलायचं.

यात वेळ जास्त जातो असं तरुण पोरं म्हणतात. मला उलट अनुभव आला. एकदा पूर्ण ऐकलं की पुन्हा-पुन्हा बोलवावं लागत नाही.

"कशाला" आणि "का" हे प्रश्न मात्र मी पहिल्या जबाबात टाळायचो. उत्तर काहीही असो, समोरच्याला तो ठपका वाटतो. कारण हवंच असेल तर "त्या दिवशी बाहेर पडायचं कसं ठरलं?" असं विचारता येतं. माहिती तीच मिळते.

आणखी एक. जबाब लिहिताना "सदर इसमाने माझे अंगाशी लगट केली" असलं आमच्या साच्यातलं वाक्य टाकू नये. बाईनं जे शब्द वापरले तेच उतरवावेत. साच्यातलं वाक्य दहा फिर्यादींत सारखंच दिसतं आणि कोर्टात बचावाचा वकील नेमकं तेच दाखवतो.

---

सडेतोड

सगळं मान्य, पण खोट्या तक्रारी येतातच की. पोलिसांनी उलट प्रश्न विचारले नाहीत तर खरं-खोटं कळणार कसं? माझ्या ओळखीच्या एकाला खोट्या तक्रारीत वर्षभर चकरा माराव्या लागल्यात.

---

समुपदेशक_सई

सडेतोड, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण उलट प्रश्नांनी खोटं पकडलं जातं हा समज तपासून बघण्यासारखा आहे.

इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात दबाव टाकून घेतलेल्या कबुल्यांवर बर्मिंगहॅम आणि गिल्डफर्डच्या खटल्यांत निर्दोष माणसं कित्येक वर्षं तुरुंगात राहिली. हे उघड झाल्यावर तिथल्या पोलिसांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जबाब घेण्याची 'पीस' नावाची पद्धत आणली. आधी तयारी, मग ओळख आणि काय होणार ते समजावून सांगणं, मग समोरच्याचं पूर्ण कथन, मग नीट समारोप, आणि शेवटी मिळालेल्या माहितीची पारख. संशयितासाठीही तीच चौकट, पीडितासाठीही तीच. पारख शेवटी येते, हे महत्त्वाचं. आधी मोकळेपणानं बोलू दिलं की तपासून बघता येतील असे तपशील भरपूर हाती लागतात: वेळ, दुकानं, फोन, रस्त्यावरचे कॅमेरे. खोटं सांगणारा अशा तपशिलांतच अडकतो. उलट "पल्सरच होती ना?" या प्रश्नाला खरा माणूसही "हो" म्हणतो आणि खोटाही. त्यातून पोलिसांच्या हाती काय लागलं?

त्या पल्सरबद्दल थोडं जास्त लिहिते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९७४ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर "आदळल्या" तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, "लागल्या" तेव्हा किती होता. नुसत्या क्रियापदानं वेगाचा अंदाज बदलला. आठवड्यानं त्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. पण "आदळल्या" ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती दिसली होती, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. प्रश्नातला शब्द आठवणीत शिरतो तो असा. मामींच्या मनात आता खरोखरच पल्सर असेल, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

यावर उपाय म्हणून रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझेलमन यांनी १९८० च्या दशकात साक्षीदारांसाठी एक पद्धत बसवली. प्रसंग घडला ती जागा मनात पुन्हा उभी करायला सांगायचं. थंडी होती का, कसला वास येत होता, कुठला आवाज ऐकू आला. मग क्षुल्लक वाटेल तेही सांगायला सांगायचं. फौजदारकाका अनुभवातून जे करत होते ते याच्या फार जवळचं आहे. खूप घाबरलेल्या माणसाला मात्र लगेच प्रसंगात परत न्यायचं नसतं, आधी त्याला स्थिर होऊ द्यायचं.

आणि "ओरडली का नाही" हा प्रश्न कायमचा बंद व्हायला हवा. भीतीनं शरीर थिजतं. स्टॉकहोममधल्या आपत्कालीन केंद्रात आलेल्या २९८ बलात्कारपीडित स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के जणींनी हल्ल्याच्या वेळी हालचाल करता येईना इतकं थिजून गेल्याचं सांगितलं. आपल्याच राज्यात १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, असं म्हणत पुढं सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. कायदा बदलून इतकी वर्षं झाली, प्रश्न अजून तोच विचारला जातो. याचा मला दर वेळी तितकाच त्रास होतो.

---

वकील_शाहूपुरी

मुक्ता, राहिलेली गोष्ट नक्की सांगता येते. त्याला पुरवणी जबाब म्हणतात. फिर्यादीत सगळंच आलं पाहिजे असं बंधन नाही, सर्वोच्च न्यायालयानं हे अनेकदा सांगितलंय. पण उशीर करू नका. जी महत्त्वाची गोष्ट पोलिसांपुढं सांगितली नाही आणि थेट कोर्टात सांगितली, ती उलटतपासणीत विसंगती म्हणून पुढं येते. उशीर का झाला तेही पुरवणी जबाबात येऊ द्या: खोलीत कोण होतं, कुणी वेगळं विचारलं का.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. मामींच्या कामाचं तेवढं सांगते; वेगळं लिहिलं नसेल तर कंसातली कलमं याच संहितेची.

छातीला हात लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम ७४ खालचा गुन्हा आहे. अशा गुन्ह्यात पीडित स्त्रीची माहिती महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची असते (कलम १७३). तपासात स्त्रीला साक्षीसाठी तिच्या इच्छेविरुद्ध ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी जायचं असतं (कलम १७९). साठीच्या पुढच्या पुरुषांना, पंधराच्या आतल्या मुलग्यांना, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्तींनाही हे लागू आहे. तपासातला जबाब ऑडिओ-व्हिडिओवर घेता येतो. त्यावर सही घ्यायची नसते. कुणी "इथं सही करा" म्हणालं तर तो फिर्यादीचा कागद आहे की जबाबाचा, ते आधी विचारा. कलम ७४ असल्यामुळं न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही जबाब होईल (कलम १८३), शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यांसमोर.

तक्रारच घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथंही दाद लागली नाही तर दंडाधिकारी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्येच ठरलंय. ठाण्याची हद्द कुठलीही असो, शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर) नोंद होते. कलम ७४ सारख्या गुन्ह्यात नोंद टाळणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे (न्याय संहिता, कलम १९९).

---

गगनबावड्याचा_बाळू

ताई, तुमचं सगळं शहरातलं झालं. आमच्याकडं बाई ठाण्यापर्यंत पोचायच्या आधीच गावात बैठक बसती. पाच माणसं म्हणत्यात, मिटवून टाका, पोरीच्या लग्नाचं बघा. त्यातूनबी ती गेलीच, तर संगं सासरा. जबाब चालू असताना सासरा मागं उभा. आता नवऱ्याच्या मारहाणीबद्दल ती काय बोलणार?

आनि ऊसतोडीला बीडकडनं बायका येत्यात कारखान्यावर. फडात काय झालं तरी मुकादमाच्या भीतीनं तोंड उघडत न्हाईत. उचल घेतल्याली असती. हंगाम संपला की टोळी गावाकडं, मग इथली तक्रार कोन बघायचं?

---

निवृत्त_फौजदार

बाळू, अगदी खरं बोललास. सोबत नातेवाईक असू शकतात, कायद्यातही तशी सोय आहे, पण ती बाईला आधार म्हणून. ज्याच्या धाकानं ती गप्प आहे तोच शेजारी बसला तर त्या सोयीचा उपयोग काय? बलात्काराच्या गुन्ह्यात जबाबाच्या वेळी आईवडील किंवा नातेवाइकांऐवजी परिसरातली समाजसेविका चालते. बाकीच्या गुन्ह्यांतही चांगला अधिकारी अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला बसवतो. बाईलाच विचारायचं, कोण हवं? आणि ते विचारतानाही सासऱ्याला बाहेर ठेवायचं.

ऊसतोड टोळी परत गेली असेल तर तिकडच्या ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून इकडं वर्ग करता येतो. वकीलबाईंनी वर सांगितलंच आहे. पण हे त्या बाईला आधी कुणीतरी जाऊन सांगायला पाहिजे. हंगामात फडावर जाऊन महिला अंमलदारानं नुसतं बसून बोलायला पाहिजे, तक्रार नसताना. ओळख असेल तरच तक्रार येते.

---

शाळेतली_बाई

मी प्राथमिक शिक्षिका आहे. मुलांबद्दल लिहिते, कारण शाळेत सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

मूल काहीतरी सांगतं. वर्गशिक्षिका विचारते, मग मुख्याध्यापक, मग संस्थेचे लोक, मग पालकांसमोर पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळी मूल एक तर गप्प होतं, नाहीतर समोरच्याला जे ऐकायचंय ते सांगू लागतं. हे थांबवा. मुलानं सांगितलं की शांतपणे ऐकायचं, "तू सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि पोलिसांना कळवायचं. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं (२०१२) कळवणं सक्तीचं आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. आधी आपण चौकशी करून खात्री करायची, असं कायद्यात कुठंही नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी मदत मिळते.

पोलिसांनाही बंधनं आहेत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तिथं, शक्यतो फौजदार किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा. आरोपी समोर येता कामा नये. मुलाचा विश्वास असेल ती व्यक्ती जवळ हवी. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही.

आमच्याकडं एकदा आलेल्या मॅडम साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. मुलीला चित्र काढायला सांगितलं आणि स्वतःही शेजारी बसून काढत राहिल्या. बराच वेळ काही विचारलं नाही. मुलगी आपणहून बोलायला लागली. त्या वेळी मला कळलं की हे कौशल्य आहे आणि ते शिकवता येतं. प्रत्येक ठाण्यात असं एक तरी माणूस का नसावं?

---

सडेतोड

सई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पारख शेवटी, हे पटलं. माझ्या ओळखीच्याच्या बाबतीतही पोलिसांनी तक्रारदाराचं पूर्ण ऐकून तपशील ताडून बघितले असते तर तोही लवकर सुटला असता.

---

इचलकरंजी_लूम

आमच्याकडं भाषेचा प्रश्न येतो. यंत्रमागावरचे बरेच कामगार बाहेरच्या राज्यांतले. बाई भोजपुरीत सांगते, हवालदार मराठीत लिहितो, मध्ये दुभाषा म्हणून तिच्याच खोलीमालकाला उभं करतात. भाडं थकलेल्या बाईनं खोलीमालकाच्या तोंडून काय सांगायचं?

ऑनलाइन फसवणुकीतही लोक बोलत नाहीत. "डिजिटल अरेस्ट"मध्ये (पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालणं) पेन्शनचे पैसे गेलेले एक गृहस्थ मुलालासुद्धा सांगायला तयार नव्हते. "शिकलेले असून फसलात कसे?" हे ऐकायची भीती. तिथं तर एकेक तास मोलाचा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लवकर कळवलं तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येते.

---

मुक्ता_करवीर

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून मामीलाही दाखवलं. फौजदारकाकांचा प्रतिसाद तिनं स्वतः वाचला.

पुरवणी जबाब झाला. ठाण्याला लेखी अर्ज दिला, तेव्हा महिला उपनिरीक्षक घरी आल्या, साध्या कपड्यांत. मामांना त्यांनीच सांगितलं, "काका, तुम्ही जरा खाली थांबता का?" मग मामीला म्हणाल्या, "सोन्याचं राहू दे. त्या दिवशी उठल्यापासून सांगा, मी मध्ये बोलणार नाही." मामी आधी दुधाच्या पिशवीपासून सुरू झाली. मॅडमनी अडवलं नाही. तासाभरात तिनं सगळं सांगितलं, तो माणूस काय बोलला तेही. बोलताना तिला त्याच्या आवाजाची ठेवण आणि हातातलं जाड कडं आठवलं. ते पहिल्या जबाबात नव्हतं. गाडीबद्दल मॅडमनी एवढंच विचारलं, "गाडीचं काय आठवतंय?" मामी म्हणाली, "आवाज बारीक होता." मोपेडशी ते जुळतंय.

जाताना पुढं काय होणार ते त्यांनी समजावून सांगितलं: कलम वाढेल, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाबासाठी कसबा बावड्याला कोर्टात जावं लागेल, तिथं प्रश्न कोण विचारेल. मामी त्या रात्री जेवली नीट.

वकीलताई, एकच शंका. पुरवणी जबाबाची प्रत आम्हाला मिळते का? मॅडम म्हणाल्या, आत्ता नाही.

---

वकील_शाहूपुरी

बरोबर सांगितलंय त्यांनी. प्रथम खबरीची (एफआयआर) प्रत तुम्हाला लगेच आणि मोफत मिळायला हवी, ती घेतली नसेल तर मागून घ्या. जबाबांच्या प्रती दोषारोपपत्र दाखल झाल्यावर मिळतात. पीडिताच्या वतीनं वकील उभा असेल तर आता पीडितालाही त्या मोफत मिळतात (कलम २३०). म्हणून वकीलपत्र आधीच दाखल करून ठेवा. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा, स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट नाही. नालसाचा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा, फोन १५१००.

आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत पोलिसांनीच तुम्हाला कळवायचं आहे (कलम १९३). ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. फोन आला नाही तर लेखी विचारा आणि पोच घ्या.